‘जेत्यांचा इतिहास’ म्हणून हात झटकणाऱ्यांस

‘इतिहास जेते लिहितात’ हे वाक्य इतके स्वस्त झाले आहे, की ते एकदा उच्चारले म्हणजे मूळ ग्रंथ वाचण्याचे कष्ट वाचतात. अलीकडेच एका व्याख्यानात झंज बंडाविषयी ऐकले. इराकमध्ये बसऱ्याजवळ खारवट जमिनीवरचा क्षाराचा थर खरवडण्यास जुंपलेल्या आफ्रिकी गुलामांनी इ. स. 869 ते 883 अशी चौदा वर्षे अब्बासी खिलाफतीस हादरविले, ते हे बंड. वक्त्यांचे प्रतिपादन असे, की बंडवाल्यांच्या गोटातला ग्रंथ नष्ट करण्यात आला. उरला खलिफांच्या पदरच्या तबरीचा इतिहास, आणि तो त्याज्य! टाळ्याही पडल्या.

तबरी कोणाच्या पदरी नव्हता. न्यायाधीशपद चालून आले, तेही त्याने नाकारले. आणि तो ग्रंथ कोणी नष्ट केल्याचा पुरावा वक्त्यांपाशी कोणता? त्याचा कर्ता मुहम्मद बिन हसन बिन सहल, उर्फ शैलमा. हा बंडवाल्यांच्या छावणीत होता; पुढे अभय मिळवून बगदादेत राहिला. दहाव्या शतकातील इब्न नदीमाच्या ग्रंथसूचीत त्याच्या पुस्तकाची नोंद आहे. हाताने नकला करण्याच्या त्या काळात ज्या पुस्तकाची कोणी नक्कल करीना, ते आपोआप संपे. त्यासाठी खलिफाने काडी ओढायला हवी होती असे नाही.

आता गंमत पाहा. तबरी बंडाच्या नायकाला ‘दुष्ट’, ‘अल्लाचा शत्रू’ अशा शिव्या मोजतो. परंतु ‘मुहम्मद बिन हसन सांगतो’ असे म्हणत पानोपानी याच शैलमाची साक्ष नोंदवतो. बंडात आरंभीच सामील झालेल्या रैहान नावाच्या गुलामाची हकीकत तबरीत आहे. हा धन्याच्या गुलामांसाठी बसऱ्याहून पीठ नेत असे. नायकाने त्याला काय विचारले? गुलामांना माणशी पीठ, सातू आणि खजूर किती मिळतो! असला प्रश्न दरबारात बसून सुचत नाही.

सरकारी नोकरीत असताना जमिनीच्या एका प्रकरणातली मूळ फाइल गहाळ झाली होती. अर्जदार एक म्हातारी विधवा. तिचा दावा फेटाळावा अशी शिफारस करणाऱ्या कारकुनाने आपल्या टिपणीत तिच्या अर्जातले मुद्दे खोडून काढण्यासाठी एकेक करून उतरवले होते. त्या विरोधी टिपणीवरूनच आम्ही प्रकरण पुन्हा उभे केले. टिपणी विरोधात आहे म्हणून ती फेकून दिली असती, तर बाईची जमीन गेलीच होती.

शैलमाच्या ग्रंथाची मांडणी आणि त्याचा स्वतःचा अभिप्राय आपण गमावला, हे खरेच. पण तो हाती असता तर निर्मळ सत्य मिळाले असते, हाही भाबडेपणा. अभय घेतलेल्या माणसाची लेखणी किती मोकळी असणार? शिवाय बंडवाल्यांनीही गुलाम बाळगले, ही गोष्ट वक्ते सोयीस्करपणे विसरले.

893 साली खलिफा मुअतदिदाने शैलमाला पकडले. एका माणसासाठी तो गुप्तपणे पाठिंबा जमवत असल्याचा आरोप होता. त्याने त्या माणसाचे नाव सांगितले नाही, तेव्हा त्याला आगीवर भाजले आणि मग त्याचा शिरच्छेद केला. हेसुद्धा लिहून ठेवले आहे तबरीनेच. त्याच्या इतिहासाच्या इंग्रजी अनुवादाचे 36 आणि 37 हे खंड अनुक्रमे 1992 आणि 1987 साली प्रसिद्ध झाले आहेत. पुढच्या व्याख्यानापूर्वी वक्त्यांनी ते उघडून पाहावेत.