दिवे कोठे लावावयाचे?

२०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात संशोधक विद्यार्थ्यांच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला असता, पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा सवाल तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत केला होता. तो सवाल महाराष्ट्रभर गाजला, विद्यार्थ्यांच्या जिव्हारी लागला आणि त्याचा निषेधही पुष्कळ झाला. निषेध रास्तच होता. ज्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्या घरातील मुलगा वा मुलगी संशोधनाची वाट धरू लागली असताना तिच्यावर असा टोमणा फेकणे सत्तास्थानास शोभत नाही. परंतु निषेधाच्या त्या गदारोळात प्रश्नाचे उत्तर देण्याचे तेवढे राहून गेले. ते उत्तर आज आम्ही देऊ इच्छितो. आणि त्यासाठी वाचकांना नांदेडहून नरसीमार्गे बिलोलीस घेऊन जाऊ इच्छितो.

बिलोली हा आमच्या जिल्ह्याचा अगदी काठावरचा तालुका. पलीकडे तेलंगण, मधून वाहणारी मांजरा, अलीकडे सोयाबीन, कापूस आणि तूर. या तालुक्यातील शेतकऱ्याचे दैव पूर्वी दोघांच्या हाती होते, पावसाच्या आणि सावकाराच्या. आता त्यात तिसऱ्याची भर पडली आहे. तो म्हणजे गणकयंत्र. ही अतिशयोक्ती नव्हे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून चालू आहे. शेतकऱ्याच्या एका रुपयात विमा देणारी महाराष्ट्राची २०२३ ची योजना २०२५ च्या खरिपात बंद झाली, आणि स्थानिक आपत्तीसारखे भरपाईचे इतर आधार वगळून त्या हंगामात सारा भार पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या उत्पादनावर टाकण्यात आला. आपल्या मंडळातील यंदाचे सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेले, तरच शेतकऱ्याच्या पदरात काही पडावयाचे. उंबरठा ठरतो तो मागील सात वर्षांपैकी उत्तम अशा पाच वर्षांच्या सरासरीवरून. आणि यंदाचे उत्पादन ठरविण्यात आता उपग्रहाची छायाचित्रे व त्यांवरून अंदाज बांधणारे यंत्र यांनाही अधिकार मिळाला आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांसाठी आणि पुढे सोयाबीनसाठी 'यस-टेक' ही पद्धत स्वीकारली असून यंत्राच्या अंदाजास किमान ३० टक्के भार दिला आहे.

म्हणजे सगरोळीच्या वा कुंडलवाडीच्या शिवारात यंदा सोयाबीन किती पिकले, याचा निवाडा करणाऱ्या पंचांमध्ये एक पंच असा आहे की, ज्याने ते शिवार कधी पायाखाली घातलेले नाही. तो लाच खात नाही, तो कोणाचा नातलग नाही, हे त्याचे गुण आम्ही मान्य करतो. पण तो चुकला तर त्याची उलटतपासणी कोणी करावयाची? शेतकरी ती करू शकत नाही. तलाठी करू शकत नाही. विमा कंपनीने ती करावी ही अपेक्षाच भाबडी आहे. ती करू शकतो तो या शास्त्रात पारंगत झालेला आणि या मातीत वाढलेला संशोधक. पीएच.डी. कशासाठी, या प्रश्नाचे आमचे पहिले उत्तर हे आहे.

आता हे शास्त्र काय आहे, ते थोडक्यात पाहू. डेटा सायन्स, मशीन लर्निंग हे शब्द अलीकडे लग्नाच्या स्थळांच्या माहितीतही दिसू लागले आहेत. परंतु त्यांच्यामागील कल्पना गूढ नाही. भाकीत करण्याची हौस आपल्याला नवी नाही. भेंडवळच्या घटमांडणीकडे आजही लोकांचे डोळे लागतात. फरक इतकाच की, यंत्राला मागील अनेक वर्षांच्या नोंदी दाखविल्या जातात. पाऊस किती पडला, ऊन किती होते, पानांचा रंग आकाशातून कसा दिसला आणि शेवटी खळ्यावर किती माल आला, हे सारे त्यास सांगितले जाते. त्यांतील संबंध यंत्र स्वतः हुडकते आणि पुढील वर्षाची चिन्हे दिसली की उत्पादनाचा आकडा सांगते. याचा अर्थ उघड आहे. यंत्राचे सारे शहाणपण नोंदींतून आलेले असते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि नेमकी या आडाचीच आपल्याकडे उपेक्षा होत आहे. या विषयावरील पुष्कळ संशोधन परदेशात तयार झालेल्या आयत्या नोंदींवर होते. कोणीतरी गोळा करून ठेवलेली माहिती घ्यावयाची, तिच्यावर पाच-सहा प्रचलित पद्धती चालवावयाच्या, कोणत्या पद्धतीने शेकडा किती अचूकता आली याचा तक्ता मांडावयाचा आणि दशांश चिन्हाच्या पुढे एखादा अंक सुधारला की प्रबंध पुरा झाला असे समजावयाचे, ही वहिवाट पडत चालली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती काढून टाकली, ते बरे झाले. पण घाईची सवय नियमाने जात नाही. हे उंटावरून शेळ्या हाकणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच विद्येचा इतिहास याहून कितीतरी उज्ज्वल आहे, आणि त्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. आज जगभर यंत्र-अध्ययनाचा पहिला धडा ज्या उदाहरणावर गिरवला जातो, ते आयरिसच्या १५० फुलांचे मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली आपल्या निबंधात वापरले. त्याच महाविद्यालयातून, त्याच १९३६ साली, सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या एका तरुणाने संख्याशास्त्रात पीएच.डी. मिळविली. त्या तरुणाचे नाव पांडुरंग वासुदेव सुखात्मे. त्यांचा प्रबंध शुद्ध गणिताचा होता. मनात आणते तर ते आयुष्यभर गणितातच रमते. परंतु स्वदेशी परतल्यावर ते शेतीच्या बांधावर गेले. इंदूरचे डॉ. विनायक गोविंद पानसे आणि सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धत उभी केली. त्यापूर्वी पीक किती आले हे नजरेच्या अंदाजाने, आणेवारीने ठरत असे. कोणते गाव, कोणते शेत आणि शेतातील कोणता तुकडा, हे सारे कोणाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडावे आणि तेवढाच तुकडा प्रत्यक्ष कापून, मळून, तोलून पाहावा, ही ती पद्धत होय. बिलोलीच्या शेतकऱ्याची भरपाई आजही ज्या प्रयोगांवर अवलंबून आहे, त्यांचा पाया हाच.

या कामातील एक प्रकरण प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने मनात कोरून ठेवण्यासारखे आहे. कापावयाचा तुकडा केवढा असावा, यावर त्या काळी मोठा वाद झाला. अगदी लहान तुकडा घेतला तर काम स्वस्तात होते, आणि प्राध्यापक महालनोबिस यांच्यासारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाचा कल तिकडे होता. सुखात्मे यांनी १९४६ साली 'नेचर' नियतकालिकातून दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला तर उत्पादन वास्तवापेक्षा अधिक दिसते. असे का व्हावे? कारण सीमेवरचे रोप आत धरावे की बाहेर सोडावे, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात ते नकळत आत ओढतो. आणि तुकडा जितका लहान, तितका क्षेत्राच्या मानाने त्याचा काठ मोठा. केवढी साधी गोष्ट! पण ती खोलीत बसून सुचणारी नव्हती. माणसाचा हात आणि विळा कसा चालतो, हे ज्याने पाहिले त्यालाच ती कळली. नोंदीत शिरलेला असा दोष जगातील कोणतेही यंत्र आपणहून शोधून काढू शकत नाही. ते त्या दोषालाच सत्य मानून शिकते आणि मोठ्या आत्मविश्वासाने चुकत राहते.

आता हाच न्याय बिलोलीस लावून पाहा. अमेरिकेत मैलोगणती एकच सोयाबीन पसरलेले असते. आपल्याकडे सोयाबीनच्या ओळींत तुरीची ओळ असते, बांध जवळजवळ असतात आणि शेते लहान असतात. दहा मीटरच्या चौकोनास एक ठिपका मानणाऱ्या उपग्रहास त्या ठिपक्यात सोयाबीन किती आणि तूर किती, हे कसे उमगावे? शिवाय पीक जोमात असते ते श्रावण-भाद्रपदात, आणि तेव्हा आकाश ढगांनी झाकलेले असते. ढगांच्या आरपार पाहणाऱ्या रडारच्या प्रतिमा मिळतात, पण त्यांचा अर्थ लावणे अधिक अवघड. तिकडच्या नोंदींवर शिकलेले यंत्र इकडे आणून बसविले तर त्याची गत परमुलखात भाषा न जाणणाऱ्या पाहुण्यासारखी होणार.

परीक्षेच्या बाबतीतही अशीच एक मेख आहे. यंत्राची अचूकता ठरविण्यासाठी काही नोंदी शिकवण्यास वापरतात आणि काही परीक्षेसाठी राखून ठेवतात. पण एकाच शिवारातील एक शेत शिकवणीत आणि त्याला लागून असलेले शेत परीक्षेत गेले, तर ती परीक्षा कसली? ती तर फुटलेली प्रश्नपत्रिका झाली! यंत्राने पूर्वी न पाहिलेल्या मंडळात आणि न पाहिलेल्या वर्षात ते काय सांगते, ते पाहिले पाहिजे. मराठवाड्याने २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागल्याचे पाहिले, आणि २०२५ साली अतिवृष्टीत उभी पिके वाहून गेलेलीही पाहिली. सरासरीच्या वर्षांत बरोबर ठरणारे यंत्र या दोन टोकांवर कोसळत असेल, तर ते आम्हांस काय कामाचे? विम्याची गरज असते ती नेमकी याच वर्षांत.

पिकाची जी कथा, तीच पाण्याची. मांजरा बीड जिल्ह्यातील बालाघाटात उगम पावते, लातूरमधून कर्नाटकात जाते, पुढे तेलंगणात निजामसागरात अडते आणि तेथून सुटून बिलोलीच्या सीमेने वाहत कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते. म्हणजे बिलोलीच्या काठावर पाणी किती चढणार, हे तीन राज्यांतील पावसावर आणि धरणांच्या दारांवर ठरते. २०२५ च्या ऑगस्टात मांजरेच्या लेंडी या उपनदीच्या परिसरात, मुखेड तालुक्यातील हसनाळ, रावणगाव या गावांना पाण्याने वेढले आणि माणसे दगावली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडविलेली, देशाचे सहा किलोमीटरच्या चौकोनांत भाकीत करणारी 'भारत फोरकास्ट सिस्टीम' कार्यान्वित झाली होती. आभाळातील पाणी इतक्या जवळून पाहता येऊ लागले, याचा आम्हांस अभिमान आहे. पण आभाळाचे भाकीत आणि गावाच्या पारापर्यंत येणाऱ्या पाण्याचे भाकीत यांच्यामध्ये ओढे, उतार, माती आणि धरणाची दारे असतात. हे मधले अंतर भरून काढणे हा कोणत्याही विद्यापीठाला भूषणावह ठरेल असा प्रबंधाचा विषय आहे, आणि तो नांदेडच्या दाराशी पडून आहे.

मग अडते कोठे? दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पीक कापणीच्या शेतनिहाय नोंदी, महावेधच्या दोन हजारांहून अधिक केंद्रांवरील पावसाचे आकडे, धरणांच्या विसर्गाचे तासातासाचे तपशील, हे सारे जनतेच्या पैशाने गोळा होते. परंतु संशोधकास ते सलग, तपासता येईल अशा स्वरूपात आणि वेळेवर मिळावे, अशी सोपी वाट नाही. परदेशातील नोंद घरबसल्या क्षणात मिळते आणि शेजारच्या तालुक्यातील नोंदीसाठी अर्जांवर अर्ज करावे लागतात. अशा स्थितीत तीन-चार वर्षांत प्रबंध पुरा करण्याच्या विवंचनेत असलेल्या विद्यार्थ्याने कोणती वाट धरावी, अशी आपली अपेक्षा आहे?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ च्या जूनमध्ये महाॲग्री-एआय धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. त्या धोरणाखाली पहिले काम व्हावे ते शेतकऱ्यांची नावे वगळून या नोंदी विद्यापीठांना खुल्या करण्याचे. यंत्राच्या अंदाजावरून जेथे भरपाई ठरते, तेथे तो अंदाज कसा काढला आणि कोठे चुकला, हे प्रत्येक हंगामानंतर मंडळवार प्रसिद्ध करावे. अधिछात्रवृत्ती वेळेवर द्यावी; उपाशी पोटी बांधावर जा असे कोणाला सांगता येत नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, परभणीचे कृषी विद्यापीठ आणि सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र यांनी एकत्र बसून या विषयाच्या प्रत्येक प्रबंधासाठी एक तरी हंगाम प्रत्यक्ष शिवारात घालविण्याची अट घालावी. आणि मार्गदर्शकांनी अचूकतेच्या टक्केवारीआधी विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारावा: या नोंदी कोणी, कोठे आणि कशा घेतल्या, ते तू पाहिले आहेस काय?

आमच्या विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी झाली आणि त्यास स्वामीजींचे नाव लाभले. दूरच्या सत्तेने आपल्याविषयी परस्पर घेतलेले निर्णय मुकाट्याने मानावयाचे नाहीत, हा त्या दिवसाचा संदेश आहे. न पाहिलेल्या यंत्राने आपल्या शेताविषयी परस्पर दिलेला निवाडाही तपासल्यावाचून मानता कामा नये. ती तपासणी करण्याची विद्या आमच्या मुलामुलींनी मिळविली, तर दिवे कोठे लागले हे सांगण्यासाठी कोणत्याही सभागृहात भाषण करावे लागणार नाही. मांजरेच्या काठी, भरपाईची यादी हातात घेऊन बसलेल्या शेतकऱ्याच्या ओसरीवर तो उजेड दिसेल.