भरतीची धाव आणि प्राणवायूचा हिशेब

झारखंडमध्ये उत्पादन शुल्क विभागाच्या शिपाई भरतीसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालेल्या शारीरिक चाचणीत दहाहून अधिक तरुणांना प्राण गमवावे लागले. साठ मिनिटांत दहा किलोमीटर धावणे, ही पुरुष उमेदवारांसाठी अट होती. मुंबईतही जून २०१४ मध्ये पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावेत काही उमेदवार दगावले होते आणि त्यानंतर ते अंतर तीन किलोमीटरवर आणण्यात आले. अशा घटनांनंतर उमेदवारांच्या दुबळेपणाची आणि यंत्रणेच्या हलगर्जीपणाची चर्चा होते. अटीमागील शरीरशास्त्र मात्र क्वचितच तपासले जाते.

धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. साठ किलो वजनाच्या तरुणाला दहा किलोमीटरसाठी सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. एक लिटर प्राणवायूच्या वापरातून साधारण पाच किलोकॅलरी मिळतात. म्हणजे त्याला तासाभरात १२० लिटर, अर्थात किलोमागे मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर प्राणवायू हवा. सराव नसलेल्या निरोगी तरुणाची कमाल क्षमता ४० ते ४५ मिलिलिटरच्या घरात असते. धावपटूला सहज वाटणारी ही गती अशा तरुणाला क्षमतेच्या जवळपास ८० टक्क्यांवर तासभर झुंजवते.

खरा धोका त्यापुढे आहे. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागाची उष्णता होते. ही ४५० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडलीच नाही, तर शरीराचे तापमान नऊ अंशांपर्यंत चढेल. ती बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचे बाष्पीभवन. पावसाळ्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, नुसता निथळतो. त्यात हृदयाचा सुप्त विकार असेल, तर तो याच ताणाखाली जिवावर बेततो.

झारखंड सरकारने २०२५ मध्ये पुरुषांसाठी सहा मिनिटांत १६०० मीटर, अशी नवी अट आणली. महाराष्ट्रातही पुरुष उमेदवारांची मुख्य धाव १६०० मीटरचीच आहे. यात एकूण खर्च जेमतेम शंभर किलोकॅलरींचा असल्याने उष्माघाताचा धोका बराच घटतो. परंतु सहा मिनिटांच्या वेगाला किलोमागे मिनिटाला ५० मिलिलिटरहून अधिक प्राणवायू लागतो. ही गरज बहुतेकांच्या कमाल क्षमतेपलीकडची असून, उरलेली तूट स्नायूंना प्राणवायूविना भरून काढावी लागते. हृदयावरील ताण त्यामुळे कमी होत नाही, उलट तीव्र होतो.

तेव्हा अंतर घटवले म्हणजे जबाबदारी संपली, असे सरकारांना मानता येणार नाही. तयारीसाठी पुरेसे महिने, धावेपूर्वी हृदयाची तपासणी, तापमानाबरोबर आर्द्रता पाहून ठरवलेली पहाटेची वेळ आणि कोसळलेल्याला तत्काळ थंड करण्याची मैदानावरच सोय, या गोष्टी भरतीच्या नियमांतच लिहिल्या गेल्या पाहिजेत. नोकरीची निकड असलेला तरुण स्वतःहून थांबत नाही. त्याला कधी थांबवायचे, हे नियमांनीच ठरवले पाहिजे.