चंचल मने आणि गोंगाटाचे शहर

सायंकाळी सातच्या सुमारास विरारकडे जाणारी गाडी मीरा रोड स्थानकात थांबते आणि पुलावर माणसांचा लोंढा चढतो. त्या गर्दीचा त्रास सर्वांनाच होतो. परंतु बहुतेकांचा तो घरच्या चहाबरोबर ओसरतो. काही थोड्यांचा मात्र ओसरत नाही. फलाटावरची घोषणा, रिक्षांचे भोंगे, फेरीवाल्यांची हाळी, खिशातल्या मोबाइलची किणकिण हे सारे त्यांच्या मनावर सारख्याच जोराने आदळत असते; त्यातले कशाकडे दुर्लक्ष करावे हे ठरविणारी चाळणी जणू त्यांच्यापाशी नसतेच. घरात पाऊल टाकताच कोणी साधे ‘भाजी आणलीस का?’ असे विचारले तरी हा गृहस्थ कडाडतो, किंवा दार लावून घेतो. घरच्यांना हा उद्दामपणा वाटतो. एडीएचडी, म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता, या अवस्थेचाही तो परिणाम असू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हे खूळ मोबाइलने आणले, असे सांगणाऱ्यांनी इतिहास थोडा पाहावा. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने अवधान न टिकणाऱ्या रुग्णांचे वर्णन 1798 सालीच केले होते. 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपल्या वर्गीकरणात अवधानाच्या उणिवेला मुख्य स्थान दिले आणि 1987 साली आजचे नाव रूढ झाले. आपल्याकडे याचे निदान प्रगतिपुस्तकात होई: ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ वर्गात धिंगाणा न घालता खिडकीबाहेर पाहत बसणाऱ्या मुलीला तर तेवढाही शेरा लाभत नसे. अशा कित्येक मुली आज चाळिशीच्या आहेत आणि स्वतःला आळशी समजत आहेत.

मज्जासंस्था अशी भडकली म्हणजे काय होते? धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी अनुकंपी यंत्रणा, धोका नसतानाही, जागी होते. छाती धडधडते, विचारांचा धागा सुटतो. अशा वेळी ‘शांत हो’ म्हणणे व्यर्थ, कारण ज्या विवेकाला ते आवाहन करावयाचे तोच त्या घटकेस हतबल असतो. वाट शरीराकडून काढावी लागते. श्वास सोडण्याचा काळ घेण्याच्या काळापेक्षा दीर्घ ठेवला की परानुकंपी यंत्रणेचा अंमल वाढतो आणि हृदयाची गती मंदावते. प्राणायामाची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याचा उद्योग स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आरंभिला, ही मराठी मुलखातलीच गोष्ट आहे. तोंडावर गार पाणी मारणे, दिवा मालवून दहा मिनिटे कोणाशी न बोलणे, भरभर चालून येणे, डोक्यातली कामे कागदावर उतरवून त्यांतले एकच समोर ठेवणे, हे उपायही अनुभवाला उतरणारे आहेत. मात्र दीर्घकाळ निश्चल बसण्याचा आग्रह या मंडळींना धरू नये. भाईंदरहून फार दूर नसलेल्या गोराईच्या विपश्यना पॅगोडात शेकडो लोक तासभर स्तब्ध बसतात. अतिचंचल माणसाला तीच शिक्षा वाटण्याचा संभव आहे. त्याला चालता चालता शांत होऊ द्यावे. आणि श्वासाने ती घटका निभावते, मूळ अवस्था जात नाही. तिच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाचे निदान, समुपदेशन आणि प्रसंगी मिथाइलफेनिडेटसारखे औषध लागते. त्या औषधाला नाके मुरडणारे मधुमेहाच्या गोळ्या मात्र बिनतक्रार घेतात.

परंतु हा सारा भार एकट्या माणसाच्या फुप्फुसांवर टाकून नगराने मोकळे व्हावे काय? मिठागरांच्या या गावाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत आठ लाखांवर गेली होती. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे आणि एक दूरचित्रवाणी संच असेल, तर ‘शांत कोपरा शोधा’ हा सल्ला थट्टाच ठरतो. घरातला कोपरा महापालिकेला देता येणार नाही, हे खरे. रस्त्यावरची शांतता मात्र कायद्यानेच नागरिकाला दिलेली आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे; रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येते. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 साली या नियमांची अंमलबजावणी करण्यास यंत्रणांना बजावलेही. त्यानंतर कोणत्या पक्षाच्या मंडपातला भोंगा दहाच्या ठोक्याला बंद झाला, हे वाचकांनीच आठवून पाहावे. वर्षातून मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, हे आपण पाठ केले. उरलेल्या दिवसांचा नियम विसरलो.

शाळांतून थोडे अधिक करता येईल. भडकलेल्या मुलाला वर्गाबाहेर उभे करण्याऐवजी ग्रंथालयात दहा मिनिटे बसू द्यावयास खर्च येत नाही. परीक्षेच्या सवलतींची कथा निराळी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारांची नोंद आहे. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. साहजिकच, ज्याला केवळ हीच अडचण आहे अशा मुलाच्या पालकांना त्या कायद्याच्या आधारे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मागता येत नाही. ही यादी वाढविण्यासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही. त्याच कायद्याच्या 99 व्या कलमाने केंद्र सरकारला अधिसूचनेद्वारे परिशिष्टात बदल करण्याचा अधिकार दिला आहे, आणि तशी शिफारस राज्य सरकारला करता येते. मुंबईच्या मंत्रालयातून ते पत्र दिल्लीस जावे, एवढीच मागणी आहे.