विंचवाचें विष आणि हृदय

भाताच्या कापणीचे दिवस आले, कीं डहाणू-तलासरीकडील पाड्यांतून विंचू चावल्याच्या वार्ता कानीं येऊं लागतात. पेंढ्याचा भारा, जळणाचा ढीग, परसांत रचलेलीं जुनीं कौलें, हीं या प्राण्याचीं आवडतीं स्थानें. विंचू म्हणजे एका रात्रीची आग, ती सोसली कीं झालें, असा आमच्या सुज्ञ वाचकांपैकीं पुष्कळांचा समज असेल. आमचाही होता.

दोन वर्षांमागें शेजारच्या चिकूच्या वाडींतील राखणदाराच्या पांच वर्षांच्या मुलास तिन्हीसांजेस पायाला विंचू चावला. पोर प्रथम फार रडलें. मग दोनदां ओकलें आणि निपचित पडून राहिलें. आई त्यास घेऊन आमच्या ओटीवर आली, तेव्हां आम्हीं मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें, ‘विष उतरलें, आतां निजूं दे.’ मंद, मध्य आणि महाविष असे वृश्चिकांचे तीन प्रकार सुश्रुतानें कल्पस्थानांत सांगितले आहेत, हें आम्हांस तोंडपाठ होतें. परंतु समोरच्या मुलास कोणता चावला, हें ओळखण्यास तें पाठांतर उपयोगी पडलें नाहीं. तें काम सूनबाईंनीं केलें. मुलाचे तळहात हातीं घेऊन त्या म्हणाल्या, ‘मामंजी, हात गारठले आहेत आणि अंग घामानें भिजलें आहे. ही झोप नव्हे.’ आमच्या शहाणपणांत पाऊण तास गेला होता. नातवानें गाडी काढली.

कोंकणांतील तांबड्या विंचवाचें विष मज्जातंतूंना असें चेतवितें, कीं शरीरांत उत्तेजक रसांचा पूर येतो. बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात. त्या आवळलेल्या वाटांतून रक्त ढकलतां ढकलतां हृदय थकतें, रक्त मागें फुफ्फुसांत तुंबतें, तेथें पाणी भरतें आणि रोग्यास धाप लागते. दंश पायास, परंतु घाला हृदयावर.

हें कोडें उलगडण्याचें मोठें श्रेय महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे जातें. १९७६ सालीं ते बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत नोकरीस लागले, आणि दंश झालेल्या रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व श्वास टिपूं लागले. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन हें रक्तदाबावरचें स्वस्त औषध त्यांनीं पुढें योजिलें. त्यावरील त्यांचा व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचा लेख १९८६ सालीं ‘लॅन्सेट’ या विलायती नियतकालिकांत आला. पूर्वीं तीव्र विषबाधेनें शेकडा सुमारें ३० रोगी दगावत. तें प्रमाण या उपचारानें अगदीं थोडक्यावर आलें. महाड येथेंच ७० रोग्यांवर केलेली चांचणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत प्राझोसिनच्या जोडीस प्रतिविष दिलेले रोगी सरासरी ८ तासांत सुधारले. नुसत्या प्राझोसिननें सुमारें १८ तास लागले. २०२२ सालीं डॉक्टरांस पद्मश्री मिळाली. खेड्यांतल्या नोकरीस शिक्षा समजणाऱ्या तरुण वैद्यांनीं ही हकीकत एकदां वाचावी.

रुग्णालयांत मुलास तीच गोळी दिली. दर ३ तासांनीं पुन्हां द्यावयाची होती. डॉक्टरांनीं आईस बजावलें, ‘याला मांडीवर घेऊं नका. सपाट निजूं द्या.’ या औषधानें, विशेषतः पहिल्या मात्रेनें, रक्तदाब एकाएकीं उतरूं शकतो. अशा वेळीं मूल उचलून उभें धरलें, तर तें भोंवळ येऊन कोसळावयाचें. पण मूल आजारी आणि मांडी रिकामी, हें कोणत्या आईस सोसेल? ती बिचारी रात्रभर त्याचा दुसरा पाय धरून बसली. आमच्याकडील मंडळी रुग्णालयांत जातात, तीं रोग्यास ‘ऊठ, जरा बस, बरें वाटेल’ असा आग्रह करावयासच जणूं जातात. हृदयाच्या कोणत्याही दुखण्यांत रोग्यास उठवावें कीं निजवावें, हें डॉक्टरांस विचारल्यावांचून ठरवूं नये, एवढें तरी आम्ही त्या रात्रीं शिकलों.

पहांटे तीनच्या सुमारास तळवे कोमट लागूं लागले. थोड्या वेळानें मुलानें पाय दुखतो म्हणून भोकाड पसरलें. आम्ही घाबरून डॉक्टरांकडे धांवलों. ते हंसले. म्हणाले, ‘रडूं द्या, गुरुजी. दंशाची वेदना परत जाणवूं लागली, म्हणजे विष ओसरत आहे.’

आईनें विचारलें, आतां तरी मांडीवर घेऊं का? परवानगी मिळावयास सकाळचे आठ वाजले.