पोराला चुलीपाशी बसवा



गेल्या पावसाळ्यात शाळेत मुलांची तपासणी झाली. माझी धाकटी आठवीत आहे. तिच्या अंगात रक्त फार कमी निघालं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं आणि चार लोकांदेखत सुनावलं, "मुलीला नीट खायला घालत जा. पालेभाजी द्या, नाचणी द्या. आई असून एवढं कळत नाही?" मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

घरी येईपर्यंत डोकं तापलं. मला कळत नाही? मी बायकांच्या गटात काम करते. पालेभाजी खा, लोहाच्या गोळ्या घ्या, जेवणावर लगेच चहा पिऊ नका, ताटात लिंबू-आवळा असू द्या म्हणजे लोह अंगी लागतं, हे सगळं मीच दुसऱ्या बायांना सांगत फिरते. मग माझ्याच घरात असं का व्हावं?

त्या रात्री मी पहिल्यांदा आमच्या घरातली पंगत डोळे उघडे ठेवून पाहिली. सासरे, मालक आणि थोरला मुलगा आधी बसले. धाकटी भाकऱ्या थापत होती, मी वाढत होते. तव्यावरची गरम भाकरी, भारंगीची भाजी, आमटीतली घट्ट डाळ पहिल्या पंगतीला गेली. मग सासूबाई जेवल्या. शेवटी आम्ही दोघी. आमच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची पातळ आमटी, सकाळचा भात आणि चटणी. नाचणी घरात होती. पालेभाजीही घरात होती, सकाळी ती धाकटीनेच बांधावरून खुडून आणली होती. ती तिच्या ताटात मात्र नव्हती. आणि वाढणारा हात माझाच होता.

ही पोर नऊ वर्षांची असल्यापासून भाकरी करते. लावणीच्या दिवसांत आम्ही मोठ्या बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतो, तेव्हा घरची चूल तीच सांभाळते. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या भावाला गॅस पेटवता येत नव्हता. पाणीसुद्धा हातात द्यावं लागायचं.

म्हणून आज मला एका शब्दाबद्दल भांडायचं आहे. 'मुलांना पौष्टिक खायला शिकवा, मुलांना स्वयंपाकात मदत करू द्या,' असा उपदेश हल्ली सगळीकडे ऐकू येतो. शहरातल्या मासिकांत येतो, शिबिरांत येतो. या 'मुलां'मध्ये लबाडी आहे. कुठली मुलं? पासलीतल्या मुलींना कोणी स्वयंपाक शिकवायला नको. त्या शाळेत जायच्या आधी आणि शाळेतून आल्यावर तेच करतात. त्याला कोणी मदत म्हणत नाही, कौतुक तर दूरच. मुलग्याने एकदा कांदा चिरला की घरभर सांगितलं जातं. तेव्हा सरळ म्हणा, मुलग्यांना स्वयंपाक शिकवा. आणि मुलींना पोटभर, वेळेवर, सगळ्यांच्या बरोबरीने जेवू द्या. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

आमचं गाव वेल्ह्याच्या डोंगरात आहे. केळदला, मढे घाटाकडे जाणारा रस्ता आमच्यावरून जातो. पाऊस उदंड. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरई. पहिला पाऊस पडला की टाकळा, मग कुर्डू, भारंगी, चाईचा कोंब, करटुली. ओढ्यात खेकडे. परसात शेवगा. तांदळाच्या शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम नावालाच असतं, नाचणीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. २०२३ हे साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, शहरात नाचणीचे कुकीज निघाले. आमच्याकडे मात्र नाचणी मागे पडली, कारण तिची लावणी, खुरपणी, कापणी, मळणी, दळणं आणि भाकरी, सगळं बाईच्या अंगावर. त्यापेक्षा रेशनचा तांदूळ आणला आणि शिजवला की झालं. ज्या अन्नाला बाईचे श्रम जास्त लागतात ते अन्न बाई एकटी किती दिवस टिकवणार?

कुठली भाजी कोवळी असताना घ्यायची, कशाचं पाणी उकळून टाकायचं, कशाला कुळथाच्या पिठाचा हात लावायचा, हे ज्ञान आजीकडून नातीकडे येतं. नातवाकडे येत नाही. तो दुकानावर जातो. पोराच्या हातात पाच रुपयांचा पुडा आणि पोरीच्या हातात काठवट, अशी आमच्याकडची वाटणी आहे. पुड्यातलं तेल-मीठ खाऊन त्याची भूक मरते, मग ताटातली भाजी तो बाजूला सारतो. जे निवडलं नाही, धुतलं नाही, शिजवलं नाही, त्याची चव पोराला कशी लागणार? आणि त्याला आवडत नाही म्हणून आई दुसरं काहीतरी तळून देते. हे लाड नव्हेत. आपण त्याचंही नुकसान करतो.

आकडे बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. पाच वर्षांखालच्या शंभर मुलांमागे ३५ मुलं खुजी, ३६ कमी वजनाची. २०१९ मध्येच देशभर माणसांच्या वेळेची पाहणी झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होत्या, म्हणजे जवळजवळ पाच तास. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं, आणि असे पुरुष शंभरात २६ च. बाकीच्या ७४ जणांनी त्या दिवशी ताट उचललं नाही. रक्ताचे आकडे एका खात्याकडे, वेळेचे दुसऱ्या खात्याकडे. दोन्ही आकडे एकाच घरातले आहेत, एवढं आपण तरी बोलूया.

सरकारचं काय? पोस्टरवर नेहमी आईच असते. बाळाला भरवणारी आई, भाजी निवडणारी आई. बाप कुठे असतो? शाळेतला आहार घ्या. १९९५ साली योजना आली तेव्हा महिन्याला तांदूळ वाटायचे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हुकूम दिला तेव्हा शिजवलेलं अन्न सुरू झालं. ते शिजवतं कोण? गावच्या गरीब बायाच. २००९ मध्ये केंद्राने त्यांचं मानधन महिना हजार रुपये ठरवलं, तेही वर्षातले दहा महिने. राज्याने पुढे आपली भर घातली, तरी ती मजुरी म्हणायच्या लायकीची झाली नाही. बाईचा स्वयंपाक घरात फुकट आणि सरकारी चुलीवर जवळपास फुकट. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२३ मध्ये मुलांना आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि लोकवर्गणीतून करा म्हणून सांगितलं. एका अंड्याला पैसे नाहीत, आणि आईला मात्र विचारायचं, "एवढं कळत नाही?" अंड्यासाठी आपण भांडलंच पाहिजे. पण सरकारशी भांडताना घरातली पंगत विसरायची नाही. अंडं घरी आलं तर ते कोणाच्या ताटात पडेल, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे.

आपले संस्कारही तपासूया. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधली अळणी भाजी आपण सगळ्यांनी वाचली आहे. आईला वाईट वाटू नये म्हणून बाप आणि मुलं मीठ नसलेली भाजी गुपचूप खातात. किती गुणी माणसं, असं आपल्याला शिकवलं. खरंच गुणी होती. पण भाजी अळणी आहे हे त्या माउलीला कळलं कधी? सगळे जेवून उठल्यावर ती जेवायला बसली तेव्हा. या धड्यावर आपण परीक्षेत कितीदा उत्तरं लिहिली, पण ती शेवटी का जेवते हा प्रश्न कोणी विचारला नाही.

हा विषय काढला की ठरलेली उत्तरं येतात. पहिलं सासूबाईंचं: "अगं, पोरगं चुलीफुडं बसलं तर बायल्या म्हणतील त्याला." मी म्हटलं, "आत्याबाई, पुण्या-मुंबईला हॉटेलात रांधणारे सगळे बापयच हायेत. त्यांना कोण म्हणतं बायल्या?" पैसे मिळाले की स्वयंपाक पुरुषाचा, फुकट असला की बाईचा. आमच्या भागातले किती बापे कामासाठी शहरात खोली करून राहिले. तिथे गरज पडली तेव्हा स्टोव्हवर भात टाकलाच की. गावची एसटी धरली की हातातलं कसब कसं काय गळून पडतं? मुंबईत गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. तेव्हा कुठे लोकांना दिसलं की रांधणं ही मजुरी आहे, तिला भांडवल लागतं, तिची किंमत असते.

दुसरं उत्तर, त्याचा अभ्यास बुडेल. मुलीचा बुडाला तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

तिसरं आपल्यातल्याच मैत्रिणींचं आहे. बैठकीत एक जण म्हणाली, "आपण बायांना चुलीतून सोडवायला निघालो, आणि तू पोरांना चुलीत घालतेस. जमीन, मारहाण, रेशन एवढे प्रश्न असताना भाकरीचं काय घेऊन बसलीस?" मला हे पटत नाही. जो मुलगा लहानपणापासून बहिणीच्या हातचं आयतं खातो, तोच उद्या भाजीत मीठ कमी पडलं म्हणून बायकोवर हात उगारतो. मारहाणीच्या किती केसेस जेवणावरून सुरू झाल्या, हे आपल्या गटांच्या वह्यांत लिहिलेलं आहे. आणि चूल तर विझणार नाही. माणूस रोज जेवणारच. मग ती सगळ्यांची झाल्याशिवाय बाईची सुटका कशी होणार?

आमच्या घरी काय झालं ते सांगते. मी दोन नियम केले. सगळ्यांनी एकदम बसायचं आणि भांडी मध्ये ठेवायची. दुसरं, आठवड्यातले तीन दिवस रात्रीचा स्वयंपाक थोरल्याचा. मालक दोन दिवस बोलले नाहीत. सासूबाईंनी एक दिवस जेवण सोडलं. पहिली भाकरी तव्यावर फाटली, दुसरी करपली, हाताला चटका बसला. बहीण हसली, मग तिनेच शिकवलं: पीठ कसं मळायचं, तव्यावरच्या भाकरीला पाणी कधी फिरवायचं. महिन्याभराने तो मला म्हणाला, "आई, टाकळ्यात डाळ घालू का?" टाकळा ताटातून बाजूला काढणारा हाच तो पोरगा. आता स्वतः खुडून आणतो आणि स्वतः खातो. धाकटीला संध्याकाळी पुस्तक उघडायला तास मिळतो. गोळ्या चालू आहेत, ताटही भरलेलं आहे. पुढच्या तपासणीत रक्त थोडं वाढलं. थोडंच. मालक अजून चुलीकडे वळलेले नाहीत. तेही भांडण चालू आहे.

२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. केरळच्या तिसरीच्या पुस्तकात २०२४ मध्ये नारळ खवणारा बाप आला. चांगलं झालं. पण पुस्तकातला बाप पाहून मूल घरी येतं आणि घरातला बाप "पाणी आण गं" म्हणतो, तेव्हा ते कोणावर विश्वास ठेवणार?

म्हणून गटांपुढे तीन गोष्टी ठेवते. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरी काल कोण आधी जेवलं, कोणाच्या ताटात काय होतं, ते सांगायचं. लाज न बाळगता. पाककृतीच्या स्पर्धा घ्यायच्या तर बायांच्या नकोत, मुलग्यांच्या आणि बापांच्या घ्या, रानभाजीच्या आणि नाचणीच्या घ्या. आणि ग्रामसभेत शाळेच्या आहारासाठी, तो शिजवणाऱ्या बाईच्या मजुरीसाठी एकत्र उभ्या राहा.

पुन्हा कोणी चार लोकांत विचारलं, "आई असून कळत नाही?" तर मी मान खाली घालणार नाही. विचारीन, "बापाला कधी बोलावता?"