उथळ पाण्यातही श्वासाचा नियम



सुट्टीत मालवण-तारकर्लीला जाऊन आलेली मुले स्कुबाच्या गोष्टी रंगवून सांगतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि अंगात हवा भरता येणारे जाकीट. मग पालक विचारतात, तरणतलावाचा तळ घासायला जाकीट कशाला? नुसती टाकी पुरे!

प्रश्न रास्त आहे. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो व गान्यां यांनी ॲक्वालंग तयार केले, तेव्हा असे जाकीट नव्हते. पाण्यात अधांतरी स्थिर राहायला आणि वर आल्यावर तरंगायला जाकीट लागते. तळाशी बसून काम करणाऱ्याला कमरेचे शिशाचे वजन पुरते. म्हणून प्रशिक्षित माणसाने उथळ तलावात जाकिटाशिवाय काम करणे मला मान्य आहे.

परंतु उथळ पाण्यात धोकाच नसतो, हे मान्य नाही. दोन मीटर खोलीवर दाब सुमारे 20 टक्के जास्त असतो. तेथे टाकीतली हवा छातीत भरून, श्वास रोखून वर आल्यास बॉईलच्या नियमाप्रमाणे ती हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊन जीवही जाऊ शकतो. सव्वा मीटरवरूनही असे घडू शकते.

म्हणून विश्वस्तांना विनंती, कोणत्याही सफाई कामगाराच्या पाठीला नुसती टाकी बांधून त्याला पाण्यात उतरवू नये. रीतसर प्रशिक्षण, झटकन सुटणारा वजनाचा पट्टा आणि काठावर लक्ष ठेवणारा जाणकार, एवढे असेल तरच परवानगी द्यावी. मुलांनी प्रशिक्षकाशिवाय टाकीला हातही लावू नये.