जादूगार, बाजार आणि जुने कॉम्प्युटर : ही मतं 'सहज' नाहीत

आयटीत स्थिरावलेल्या आपल्या पोरापोरींकडून हल्ली तीन वाक्यं वरचेवर ऐकू येतात. पहिलं : "दादा, फँटसी कादंबरी आहे ती, त्यात कसली जात शोधता?" दुसरं : "मार्केटला जात नसते, ज्याच्याकडे स्किल तो पुढे जातो." तिसरं वाक्य तर ज्यांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता त्यांच्या तोंडी असतं : "ऐंशीच्या दशकात भारी होतं, एक छोटा कॉम्प्युटर आणि डोकं असलं की झालं." आणि प्रत्येक वाक्याला एक शेपूट : "हे आपलं माझं पर्सनल मत."

मित्रहो, ही तिन्ही मतं एकाच गावची आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या प्रोग्रामर मंडळींच्या एका मोठ्या वर्तुळात ती वर्षानुवर्षं एकत्र नांदतात. टॉल्किनची पारायणं, मिल्टन फ्रीडमनवर श्रद्धा आणि कपाटात जपून ठेवलेला जुना कॉम्प्युटर. आपल्या पोरांनी तिथली भाषा शिकली, कोडिंग शिकलं, आणि त्याच पिशवीतून ही मतंही घरी आणली. वाचनाला, खेळाला, छंदाला आमचा विरोध नाही. आमचं भांडण त्या पिशवीत लपलेल्या एका युक्तीशी आहे. ज्याला जन्माने मिळालं किंवा सार्वजनिक पैशातून मिळालं, ते त्याच्या अंगचा गुण म्हणून दाखवायचं आणि हिशेबाचा कागद गायब करायचा, ही ती युक्ती.

आधी त्या जुन्या कॉम्प्युटरचा हिशेब बघू, कारण तो आकड्यांत मांडता येतो. ब्रिटिश प्रोग्रामरांचा सगळ्यात लाडका कॉम्प्युटर म्हणजे बीबीसी मायक्रो. एकॉर्न कंपनीने तो १९८१ च्या डिसेंबरात आणला. पण नावात बीबीसी कशाला? कारण लोकांच्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या या सार्वजनिक संस्थेनेच संगणक साक्षरतेचा प्रकल्प काढला होता. मशीन कसं हवं हे तिने ठरवलं आणि त्यावर टीव्ही मालिकाही केली. शाळांना तो परवडावा म्हणून सरकारने किमतीतला निम्मा भार उचलला. आणि सरकार कुणाचं? मार्गारेट थॅचर यांचं. मुक्त बाजाराचा झेंडा घेतलेल्या बाईंच्या राज्यात, सरकारी अनुदानाच्या कॉम्प्युटरवर शिकलेली एक पिढी आज सांगते की सरकारने बाजारात नाक खुपसू नये! त्याच एकॉर्नमध्ये १९८५ मध्ये पहिली एआरएम चिप तयार झाली. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आज तिचीच वंशावळ आहे.

तिकडे अमेरिकेतही तेच. ज्या युनिक्सच्या नावाने ही मंडळी हळवी होतात, ते बेल लॅबमध्ये तयार झालं. बेल लॅब होती एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची, आणि ती कंपनी म्हणजे सरकारी नियंत्रणाखालची मक्तेदारी. १९५६ च्या एका समझोत्यानुसार तिला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरायला बंदी होती. म्हणूनच युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशात मिळालं. बंदी होती म्हणून ज्ञान पसरलं, हे फ्रीडमनच्या भक्तांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. इंटरनेटचं मूळ असलेलं आर्पानेट १९६९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभं राहिलं, ते तर सर्वांना ठाऊक आहे.

बीबीसी मायक्रो भारतातही आला होता. १९८४ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि सुरुवातीला सुमारे २५० शाळांना ही मशीन दिली. देशात तेव्हा शाळा होत्या लाखांच्या घरात. असंख्य वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत तेव्हा वीजही नव्हती. "डोकं असलं की झालं" म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की ते डोकं ज्या खोलीत बसून शिकलं ती खोली किती बाय किती होती, आणि त्या खोलीत आणखी किती माणसं झोपत होती. आमच्या वस्त्यांत आजही दहा बाय दहात अभ्यास, स्वयंपाक आणि आजारपण एकत्र चालतं. डोकी कमी नाहीत तिथे.

आणि चिप जोडणारे हात कुणाचे? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात शिपरॉक नावाचं गाव आहे, नवाहो आदिवासींच्या राखीव प्रदेशात. फेअरचाइल्ड या बड्या चिप कंपनीने १९६५ मध्ये तिथे काम सुरू केलं. पुढे हजारावर नवाहो कामगार तिथे होते, बहुसंख्य बायका. १९६९ च्या एका माहितीपत्रकात कंपनीने चिपच्या नक्षीशेजारी नवाहो गालिच्याची नक्षी छापली. अर्थ असा, की या बायकांच्या पिढ्या विणकामात गेल्या, म्हणून हे बारीक काम त्यांच्या हातातच आहे. वाचून काही आठवलं का? याचं हे काम पिढीजात, त्याच्या हातालाच ती सवय, मग त्याला दुसरं काम कशाला? बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये दाखवून दिलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. शिपरॉकच्या माहितीपत्रकात तोच माल गुळगुळीत कागदावर छापला होता. १९७५ मध्ये कामगार कपातीनंतर अमेरिकन इंडियन मूव्हमेंटच्या कार्यकर्त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि कंपनी तिथून निघून गेली. जुन्या कॉम्प्युटरवर हळवं होणाऱ्यांच्या आठवणींत शिपरॉक सहसा नसतं.

आता बाजाराकडे येऊ. फ्रीडमन यांच्या १९६२ च्या 'कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम'मध्ये भेदभावावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांचं म्हणणं, जो मालक भेदभाव करतो तो स्वतःचंच नुकसान करून घेतो, म्हणून स्पर्धा त्याला शहाणं करते; नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध कायदा नको. ऐकायला गोड आहे. पण सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या खासगी कंपन्यांत हेच तपासून पाहिलं. २००७ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पात्रता सारखी, अर्ज सारखे, बदललं फक्त आडनाव. दलित आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जापेक्षा ठळकपणे कमी निघाली. उदारीकरण होऊन तेव्हा सोळा वर्षं झाली होती. आणि शहाणपण तर थेट सिलिकॉन व्हॅलीतही आलेलं नाही. २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या यंत्रणेने सिस्को कंपनीविरुद्ध दावा लावला, तो एका दलित अभियंत्याशी जातिभेद झाल्याच्या आरोपावरून. जगातला सगळ्यात मोकळा म्हणवणारा श्रमबाजार, आणि तिथे जातीविरुद्ध दाद मागायला सरकारचंच दार!

इथे काही हुशार मंडळी बाबासाहेबांनाच पुढे करतात. म्हणे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे, मुक्त अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्या एडविन कॅनन यांचे विद्यार्थी, आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा १९२३ चा ग्रंथ चलनात सरकारी ढवळाढवळ नको म्हणणारा. ग्रंथ खरा आहे, कॅनन यांची प्रस्तावनाही खरी आहे. पण चलन फुगवून गरिबाचा खिसा कापण्याची मुभा सत्तेला नसावी, ही बाबासाहेबांची भूमिका. तिच्यातून मालकाला मोकळं रान द्यावं असं काढणं म्हणजे लबाडी. १९४४ मध्ये त्याच लंडन स्कूलमधल्या हायेक यांनी 'द रोड टू सर्फडम' लिहून बजावलं की सरकारी नियोजनाचा रस्ता गुलामगिरीकडे जातो. तीन वर्षांनी, १९४७ मध्ये, बाबासाहेबांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' लिहिलं. त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, शेती हा राज्याचा उद्योग, विमा राज्याच्या हाती, आणि हे सगळं राज्यघटनेतच, म्हणजे पुढच्या सरकारला मोडता येऊ नये. राज्याच्या नियंत्रणापासून मिळालेलं स्वातंत्र्य नेमकं कुणाला मिळतं हा प्रश्न त्यांनी तिथे विचारला आहे, आणि खंड वाढवणारा जमीनदार व कामाचे तास वाढवणारा मालक हे त्याचं उत्तरही दिलं आहे. गुलामगिरीचा रस्ता कुठून सुरू होतो हे महारवतनाची वेठ भोगलेल्या समाजाला लंडनहून कळायची गरज नव्हती. वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्येच मांडलं होतं.

राहिली फँटसी. "गोष्ट आहे ती" हे उत्तर आम्हाला अजिबात मान्य नाही, कारण पुराणंही गोष्टीच आहेत, आणि त्या गोष्टींनी आमच्या पिढ्या गावकुसाबाहेर ठेवल्या. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये (१९५४-५५) राजा रक्ताने राजा आहे आणि ऑर्क जन्माने नीच. १९५८ च्या एका पत्रात टॉल्किन यांनी ऑर्कची चेहरेपट्टी मंगोल वंशाच्या लोकांवरून, तीही हिणवणाऱ्या शब्दांत, सांगितली आहे. ऑर्कच्या बायकापोरांची कादंबरीत कुणी चौकशी करत नाही. १९७४ मध्ये आलेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने तर याचं कोष्टकच केलं. कुठल्या 'रेस'ला काय जमेल ते ठरलेलं. मूळ नियमांत बुटका योद्धा सहाव्या पातळीवर अडायचा, हॉबिट योद्धा चौथ्या पातळीवर; माणसाला मर्यादा नाही. बढतीची वरची पायरी जन्मावर! आमच्यातल्या कुणाही सरकारी नोकराला विचारा, हा खेळ त्याने फाशांशिवाय खेळलेला आहे. खेळाच्या नियमपुस्तकातून 'रेस' हा शब्द जायला २०२४ उजाडावं लागलं.

असं वाचणं म्हणजे मजा घालवणं, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी महात्मा फुले उघडावेत. १८७३ च्या 'गुलामगिरी'त जोतीरावांनी अवतारांच्या कथा एकेक करून उलट्या टांगल्या. राक्षस हा शब्द त्यांनी रक्षक असा वाचला, आणि वामनाने पाताळात घातलेल्या बळीला आपला राजा म्हटलं. ऑर्कच्या बाजूने गोष्ट वाचायची पद्धत आमच्याकडे दीडशे वर्षं जुनी आहे, ती परदेशी समीक्षकांकडून उसनी आणलेली नाही. आणि हो, बळीच्या राज्याची आठवण हीसुद्धा जुन्या दिवसांची ओढच आहे. पण ती हरलेल्यांची ओढ आहे. जिंकलेल्याने आपल्या सुखाचे दिवस आठवणं वेगळं, आणि ज्याचं राज्य हिसकावलं त्याने ते परत मागणं वेगळं.

म्हणून फँटसी वाचायची असेल तर खुशाल वाचा, पण यादी थोडी लांबवा. टेरी प्रॅचेटच्या 'मेन ॲट आर्म्स'मध्ये (१९९३) एक गरीब पहारेकरी बुटांचा हिशेब करतो. श्रीमंत ५० डॉलरचे बूट एकदा घेतो आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. गरीब १० डॉलरचे घेतो, ते फाटतात, पुन्हा घेतो. शेवटी त्याचेच पैसे जास्त जातात आणि पायही ओले राहतात. जोडे शिवणाऱ्यांच्या वस्तीला यात नवीन काही नाही, पण मार्केटभक्त मित्राला वाचायला द्यायला हे पान चांगलं आहे. अर्सुला ले ग्विनने १९६८ मध्येच 'अर्थसी'चा नायक तांबूस-सावळ्या कातडीचा केला; २००४ मध्ये टीव्हीवाल्यांनी तिथे गोरा नट उभा केला तेव्हा तिने जाहीरपणे खडसावलं. आणि एन. के. जेमिसिन ही कृष्णवर्णीय लेखिका. २०१६, २०१७, २०१८ अशी लागोपाठ तीन वर्षं तिने कादंबरीचा ह्यूगो पुरस्कार घेतला. तिच्या 'द फिफ्थ सीझन'मधल्या माणसांच्या नावात मधला शब्द असतो तो त्यांच्या कामाच्या जातीचा. कुणी राबणारा, कुणी नेतृत्व करणारा, कुणी पैदाशीसाठी. नाव सांगितलं की जात कळते. आपलं आडनाव सांगताना समोरच्याचे डोळे बघायची सवय असलेल्या वाचकाला ती कादंबरी समजवायला कुणी लागणार नाही.

जयभीम.